रोजचे चार मायक्रॉन

१

संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत, चकतीताई एकतीस वर्षं दगड घासत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना चकतीताईच म्हणत. आधी थट्टेनं म्हणत, पुढे सवयीनं, आणि आता चार लोकांत थोडं अभिमानानंसुद्धा.

काम सांगायला सोपं होतं. वरच्या मजल्यावरचे शास्त्रज्ञ दगड पाठवायचे. ताई त्याचा काप काढायच्या, काचेवर चिकटवायच्या आणि ओल्या कुरुंदाच्या पुडीवर घासत घासत इतका पातळ करायच्या की दगडातून उजेड आरपार यावा. किती पातळ? तीस मायक्रॉन. डोक्याचा केस आडवा मोजला तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढी पातळ चकती भिंगाखाली धरली की दगडातला गारेचा, म्हणजे गारगोटीचा, कण राखाडी दिसतो. जरा जाड राहिली तर तो पिवळा दिसतो, आणखी जाड राहिली तर नारिंगी, मग तांबडा, निळा. रंग बघून जाडी सांगायची, अशी ती विद्या.

ताईंना रंगसुद्धा बघावा लागत नसे. उजव्या हाताचा अंगठा चकतीवरून फिरवला की त्या सांगत, "एकतीस आहे. दोन फेरे अजून." आणि यंत्र लावून पाहिलं की एकतीसच निघायचे.

आणि एक शेवटचं काम असायचं. ते ज्या मास्तरांनी त्यांना शिकवलं, त्यांच्याकडून आलं होतं. चकती पुरी झाली की तिला जिभेचं टोक लावायचं. ओलं झालं की दगडातल्या रेषा उठून दिसतात. "नळाचं पाणी लावू नकोस," मास्तर म्हणायचे, "त्याचे डाग राहतात. थुंकीसारखं स्वच्छ पाणी नाही." नियमांत हे कुठेच बसत नव्हतं. मास्तर गेले, पण ताईंची सवय राहिली. नवी पोरं बघितली की नाक मुरडायची, म्हणून त्या पाठ फिरवून लावत.

त्या महिन्यात आलेला दगड साधा नव्हता. पावाएवढा, तांबूस-काळा, कडेनं पाहिलं तर एकावर एक पापुद्रे, जणू कुणी शेकडो पानं दाबून ठेवलीत.

"ताई, साडेतीनशे कोटी वर्षं," वरच्या मजल्यावरच्या मॅडम तो टेबलावर ठेवताना म्हणाल्या होत्या. वयानं त्या ताईंपेक्षा बऱ्याच लहान होत्या, पण आवाजात दरारा होता. त्या दिवशी मात्र त्या आवाजात शाळेतल्या मुलीसारखा आनंद होता. "तेव्हा झाड नव्हतं, मासा नव्हता, किडामुंगी नव्हती. नुसता कोमट समुद्र आणि त्याच्या काठाला बुळबुळीत साय. ती साय वाळू धरायची, वर नवी साय यायची, परत वाळू. त्या सायीचे हे थर. आणि पुढे त्यांच्याच वंशानं हवेत प्राणवायू सोडला, म्हणून तुम्ही-मी श्वास घेतोय."

"म्हणजे आपली खापरपणजी म्हणायची," ताई म्हणाल्या.

"त्याहून किती मागे! पण चालेल, खापरपणजी म्हणा."

ताईंनी दगडावरून हात फिरवला. कितीतरी राजेरजवाडे, केवढाली राज्यं त्या कोट्यवधी वर्षांपुढे काल-परवाची. आणि एवढा जुना जीव आपल्याच हाताखाली आला. त्या दिवशी घरी जाताना त्या रस्त्यातून जरा ताठ चालल्या.

२

सोमवारी सकाळी मॅडम स्वतः खाली आल्या. हातात चकतीची डबी.

"ताई, ही जाड राहिली."

"जाड?"

"चौतीस. गार पिवळी दिसतेय."

एकतीस वर्षांत हे वाक्य ताईंनी ऐकलं नव्हतं. त्यांनी चकती घेतली, अंगठा फिरवला. खरंच चौतीस. पण काल, रविवार असूनही येऊन, त्यांनीच तीसवर आणून डबीत ठेवली होती. कपाळाला आठ्या पडल्या, पण त्या बोलल्या एवढंच, "देते करून."

दुपारपर्यंत तीस केली. मॅडमनी वर नेऊन पाहिली, मान डोलावली, खाली परत पाठवली.

मंगळवारी सकाळी परत चौतीस.

या वेळी मॅडमनी आवाज मऊ केला, आणि तो मऊ आवाजच ताईंना लागला. "ताई, गुरुवारी बाहेरचे परीक्षक येताहेत. बारा चकत्या लागणार. त्या बघून ते ठरवणार, हा दगड खरोखर सगळ्यांत जुन्या जिवाचा आहे की नाही. माझी नऊ वर्षं आहेत त्यात. तुम्ही... चष्म्याचा नंबर दाखवून घ्या ना एकदा. आणि नवं यंत्र येणारच आहे. तुमच्यावरचा भार कमी होईल."

"भार झालाय असं मी कधी म्हटलं, मॅडम?"

"तसं नाही हो."

घरी त्यांचा नवरा गॅलरीत पाय पसरून बसला होता. बसचा ड्रायव्हर, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. बायकोचा चेहरा बघून त्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"काय दगडाबाई, आज दगडानं मारलं वाटतं."

ताईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "माझा हात चुकत नाही. त्या दगडातच काहीतरी आहे."

नवऱ्यानं पसरलेले पाय जवळ घेतले. मग म्हणाला, "शेवटच्या वर्षी माझी गाडी थांब्याच्या पुढे जाऊन थांबायला लागली होती. मी रोज लिहून द्यायचो, ब्रेकमध्ये दोष आहे."

"मग? होता ना दोष?"

"ब्रेक बरोबर होता गं," तो म्हणाला. "पाय म्हातारा झाला होता."



३

बुधवारी त्या तासभर आधी गेल्या. खोली नेहमीसारखीच होती. लांब टेबल, घासायची चाकं, पाण्याची घमेली, वरच्या बाजूला रस्त्याच्या पातळीवर उघडणारी एक अरुंद खिडकी, तीतून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. भिंतीला लागून त्यांचं तिपाई स्टूल. मधल्या घमेल्यात तो दगड पाण्यात बुडवून ठेवलेला, कापताना तडकू नये म्हणून.

सकाळच्या शांततेत एक बारीक आवाज येत होता. टिक. मग बराच वेळ काही नाही. परत टिक.

नळ गळत असेल, म्हणून त्यांनी नळ घट्ट केला. तो कोरडाच होता.

ताईंना दहावीच्या पुढे शिकता आलं नव्हतं, पण दहावीपर्यंतचं शास्त्र त्यांनी मन लावून केलं होतं. बाईंनी शिकवलेलं एक त्यांच्या पक्कं ध्यानात होतं, की शंका आली तर तीन नमुने करायचे. म्हणून काल संध्याकाळी निघताना त्यांनी तीन काचा मोजून ठेवल्या होत्या. एकीवर नुसता डिंक, दुसरीवर साध्या काळ्या दगडाची चकती, तिसरीवर खापरपणजीची. तिन्हींची जाडी वहीत लिहिली, डब्या कुलपात ठेवल्या, किल्ली पर्समध्ये टाकून घरी नेली.

आता त्यांनी यंत्र लावलं. डिंक होता तेवढाच. काळा दगड होता तेवढाच.

तिसरी चार मायक्रॉनने वाढली होती.

ताई स्टुलावर बसून भिंतीला टेकल्या. प्रथम काय वाटलं ते त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही, कारण त्याची त्यांना लाज वाटली. भीती नाही वाटली. सुटल्यासारखं वाटलं. हात गेला नाही. हात बरोबर आहे.

मग हळूहळू दुसरा विचार आला, की हात बरोबर असेल तर दगड वाढतोय. त्या विचारापाशी मात्र मन थांबून राहिलं.

ओल आली असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. बुरशी असेल. पण बुरशी मऊ असते. त्यांनी त्या नव्या थरावर नख ओढलं, नखाचाच कीस निघाला. तो दगड होता, खालच्यासारखाच कठीण, खालच्यासारखाच तांबूस.

टिक, असा आवाज आला. या वेळी त्यांनी बरोबर वेळेला मान वळवली. घमेल्यातल्या पाण्यावर एक बुडबुडा येऊन फुटला होता.

४

दगडाचा कापलेला माथा त्यांनीच सपाट केलेला, आरशासारखा. आता पाण्याखाली त्याच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे उंचवटे आले होते. सुमारे चाळीस. आणि ते सरळ वर आलेले नव्हते. सगळेच्या सगळे एका बाजूला कललेले होते.

ताईंना मॅडमनी एकदा सांगितलेलं आठवलं, की असले थर उजेडाकडे झुकत वाढतात, जसं रोपटं खिडकीकडे झुकतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी समोर होती. उंचवटे उजवीकडे, भिंतीकडे झुकले होते.

भिंतीजवळ फक्त स्टूल होतं.

"उगाच काहीतरी," त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज ऐकून जरा दचकल्या.

त्यांनी स्टूल उचललं, टेबलाच्या डाव्या टोकाला नेऊन ठेवलं आणि तिथे बसून बाकीच्या अकरा चकत्यांवर तीन तास काम केलं. एकदाही मान वर केली नाही. जेवणाच्या सुट्टीत घमेल्यापाशी गेल्या. उंचवटे डावीकडे झुकले होते.

खिडकीला जाड पुठ्ठा लावला. दिवा बंद केला. स्टूल घेऊन त्या बाहेर बोळात जाऊन बसल्या आणि दार लावून घेतलं. डबा उघडून मांडीवर घेतला. शिपाई जिन्यावरून उतरता उतरता थांबला.

"काय ताई, खोलीतून हाकललं का तुम्हाला?"

"मीच आले बाहेर. आत जरा कोंदट होतं."

"आता यंत्र येणार म्हणे. मग तुम्ही राणीसारखं नुसतं बटण दाबायचं."

"बटण तू दाब," ताई म्हणाल्या. "तुझी बोटं आहेत त्यासाठी."

तो हसत गेला. ताईंनी आणखी अर्धा तास बसून काढला. मग दार उघडलं, दिवा लावला.

ते चाळीस उंचवटे, आता त्यांना कितीतरी जास्त वाटले, दाराकडे झुकलेले होते. बंद दारापलीकडे जिथे त्या बसल्या होत्या, नेमके तिकडे.

शाळेतला एक प्रयोग ताईंच्या मनात आला आणि तो करू नये असंही वाटलं. तरी त्यांनी केला. एक छोटी काचेची नळी पाण्यानं भरून, घमेल्यात उपडी धरून दगडावर ठेवली. बुडबुडे तीत जमत गेले. तासाभराने नळी निम्मी रिकामी झाली. त्यांनी अंगठ्यानं तोंड दाबून ती बाहेर काढली, काडी पेटवली, फुंकून विझवली आणि टोकाला निखारा लाल असतानाच आत घातली.

काडी भप्पकन पांढऱ्या ज्वाळेनं पेटली. प्राणवायू.

ताई ती जळेपर्यंत बघत राहिल्या. दगड श्वास सोडत होता. जो श्वास त्यांनी त्या खोलीत दिवसभर घेतला, त्यातला थोडा त्याचाच होता.

५

मॅडम आल्या तेव्हा ताईंनी वही पुढे केली. काही समजावून सांगितलं नाही. मॅडमनी आकडे वाचले, चकती भिंगाखाली धरली आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग स्टुलावर बसल्या. घमेल्यातले उंचवटे त्यांच्याकडे वळले नाहीत. त्यांच्या खांद्यावरून, मागे उभ्या असलेल्या ताईंकडे झुकत राहिले. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या उठून बाजूला झाल्या.

"तुमचा हात बरोबर होता," त्या म्हणाल्या. "मला माफ करा."

याच वाक्यासाठी ताई दोन दिवस झुरत होत्या. आता ते मिळालं, तेव्हा खोलीत फार गार वाटत होतं.

"ताई, खरं सांगा. या दगडाला तुम्ही काही लावलंत?"

ताईंची मान खाली गेली नाही. "जीभ लावली. शेवटी लावतेच मी. मास्तरांनी शिकवलेलं."

"फक्त याला?"

"सगळ्यांना. एकतीस वर्षं."

मॅडमनी डोळे मिटले. पण रागावल्या नाहीत. "म्हणजे तुमच्या थुंकीतला काहीतरी जंतू आहे. तो वाढतोय. दुसरं काही असूच शकत नाही."

"आणि दगडासारखा कठीण होतोय? आणि माझ्याकडे वळतोय?"

"दुसरं काही असूच शकत नाही, ताई." मॅडमचा आवाज चिरकला. "उद्या परीक्षकांनी हे पाहिलं तर ते एकच म्हणतील, की दगडाला आजचा जीव चिकटलाय. मग जुन्याचंही काही खरं राहणार नाही. नऊ वर्षं पाण्यात. उद्या सकाळी बाराही चकत्या तीसवर आणून द्या. वरचं सगळं घासून टाका. आणि कुणाला काही सांगू नका. एवढं कराल ना माझ्यासाठी?"

त्या पोरीचे डोळे भरले होते. ताईंना आपली धाकटी बहीण आठवली. "तीसवर आणून देते," त्या म्हणाल्या. बाकीचं वचन त्यांनी दिलं नाही, पण मॅडमच्या ते लक्षात आलं नाही.

६

गुरुवारी सकाळी ताईंनी बाराही चकत्या घासल्या. चाकावर पहिला फेरा फिरवताना बोटांखाली एक बारीक थरथर आली, झोपलेल्या मुलानं कूस बदलावी तशी. चाकाचीच असेल, असं म्हणून त्या घासत राहिल्या. तांबूस गाळ पन्हाळीतून वाहत गेला. एकेक चकती तीसवर आली. ना एकोणतीस, ना एकतीस.

परीक्षक अकराला ताईंच्या खोलीतच आले. पांढरे केस, वाकलेली पाठ, स्वतःचं मोजयंत्र स्वतःच्या पिशवीत. त्यांनी बाराही चकत्या एकामागून एक मोजल्या आणि यंत्र खाली ठेवलं.

"तीस. बाराच्या बारा तीस. चाळीस वर्षं मी हे काम बघतोय. कुणी केलंय?"

मॅडमनी ताईंकडे हात केला. म्हाताऱ्यानं खुर्चीतून उठून नमस्कार केला. "बाई, असा हात मी पाहिला नाही."

ताईंचा ऊर भरून आला. घरी जाऊन हे सांगायचं, त्यांनी मनाशी ठरवलं, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत सांगायचं. तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. मॅडमची नजर तेच विनवत होती. पण ज्या हाताची एवढी वाखाणणी झाली, त्याच हातानं आज सकाळी काय धुऊन टाकलं होतं ते ताईंना माहीत होतं. खोट्या कामावर शाबासकी घ्यायची तर मग मास्तरांपासूनच्या सगळ्या वर्षांना काय अर्थ?

"साहेब," त्या म्हणाल्या, "त्या आज सकाळी चौतीस होत्या. पहिली तर काल आणि परवाही. मी रोज चार घासते आणि रोज चार वाढतात."

"ताई!" मॅडम म्हणाल्या.

"तुमची नऊ वर्षं खोटी नाहीत, मॅडम. म्हणून तर सांगतेय. ते जुनं आहे, हे खरंच आहे. फक्त ते संपलेलं नाही."

ताईंनी वही पुढे ठेवली. परीक्षकांनी ती पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचली. हसले नाहीत. "केव्हा वाढतात?"

"एरवी रात्रीत. पण मी जवळ बसले की जास्तच, असं वाटतं."

"मग बसा."

स्टूल टेबलाशी ओढून ताई बसल्या. फोटो काढायला बसतात तशी पाठ ताठ, हात मांडीवर. परीक्षकांनी एक चकती भिंगाखाली सरकवली आणि डोळा लावला.

"राखाडी," ते म्हणाले.

वर रस्त्यावरून कुणाचे तरी पाय गेले.

"राखाडी. ...पिवळट." आवाज बदलला. "पिवळी. चांगली पिवळी." मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू, "नारिंगी."

कोपऱ्यातल्या घमेल्यात आता टिकटिक नव्हती. पाणी उकळी फुटल्यासारखं सळसळत होतं. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, तोंडावर हात.

"तांबडी," परीक्षक म्हणाले. त्यानंतर त्यांनी रंग सांगणं थांबवलं. डोळा मात्र काढला नाही.

"साहेब, किती झाली?" ताईंनी विचारलं.

परीक्षकांनी सावकाश मान मागे घेतली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. भिंगाकडे बोट दाखवता दाखवता ते स्वतःच्या अंगठ्यावरच्या रेषा निरखू लागले. मॅडम पुढे झाल्या, वाकल्या, आणि चटका बसावा तशा मागे सरल्या.

"काय आहे?" ताई म्हणाल्या. "रेषा बदलल्या का? फुटली का?"

"ताई, तुम्ही बघू नका."

"मला बघायला लागतच नाही." ताईंनी काच भिंगाखालून काढून घेतली. त्यांना राग नव्हता, भीतीसुद्धा पुरती नव्हती. दोन शिकलेली माणसं ज्याच्यापुढे मुकी झाली होती, ते त्यांचं काम होतं. त्यांच्या हातानं उघडलेलं, त्यांच्या ओलीनं जागं झालेलं. ते मोजायचा मान दुसऱ्या कुणाचा? त्यांनी अंगठा चकतीवर ठेवला.

"एक्कावन्न," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. "बावन्न. ...चोपन्न."

मग खालून कुणीतरी तसाच अंगठा टेकवल्यासारखं झालं. दाब अगदी हलका होता. जोखून बघणारा.

"ताई, हात काढा," मॅडम म्हणाल्या.

"थांबा जरा."

"हात काढा!" आता दोघेही ओरडत होते, आणि दोघेही पुढे यायला धजत नव्हते.

काढते, असं त्या म्हणणार होत्या. पण काढायचं म्हणजे आधी कडा सापडायला हवी. आपली बाजू कुठली, त्याची कुठली. ताई ताठ बसून, डोळे मिटून, ती शोधत राहिल्या. तीस आणि एकतीस यांतला फरक ओळखणाऱ्या त्या हाताला, अंगठा कुठे संपतो आणि दगड कुठे सुरू होतो, ते काही केल्या कळेना.